तोफ ओढतो कोण?

चवथीला गोवेकर घर सोडत नाही, आणि नरकासुर जाळून दिवाळीचे पोहे खाल्ल्याशिवायही तो कुठे हलत नाही. तेव्हा कचेरीतून आठ दिवसांची रजा मंजूर करून घेतली, पाच तऱ्हेचे पोहे पोटात घातले आणि थिवीला गाडी धरली. उतरलो तो थेट सुरतेला. तिथे गोडादऱ्यात माझी मावसबहीण राहते. गेली कित्येक वर्षे "दादा, एकदा तरी ये" म्हणून फोन करायची. शेवटी गेलो.

सुरत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दोनच गोष्टी येतात. एक, १६६४ आणि १६७० साली शिवाजी महाराजांनी लुटलेले बंदर. दुसरी, साड्या. गोडादरा हे या साड्यांच्या सुरतेतले. शहराच्या आग्नेय अंगाला, लिंबायत, डिंडोली, पर्वत पाटिया यांच्या शेजारी. धुळे-जळगाव-नंदुरबारकडून कापडाच्या धंद्यात पोट भरायला आलेली खानदेशी कुटुंबे या भागात वसली आहेत. दुकानांच्या पाट्या गुजराती, पण ओट्यावरचे बोलणे मराठी आणि अहिराणी. बहिणीचे यजमान त्यांपैकीच. रिंग रोडच्या कापड बाजारात एका पेढीवर हिशेब लिहितात.

आता या सगळ्याचा तोफेशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. सांगतो.

बहिणीच्या घरी कपाटावर चादरीखाली काहीतरी लांबलचक झाकून ठेवलेले होते. मी विचारायचा अवकाश, बारावीत शिकणारा भाचा स्टुलावर चढला. "मामा, हात लावू नका हं, एक आरसा अजून सैल आहे," म्हणत त्याने ते खाली उतरवले. चादर काढली तर आत सहा चाकांचा लष्करी ट्रक आणि त्याच्या मागे जोडलेली लांब नळीची तोफ. बोफोर्स! चार महिने खपून त्याने घरीच केलेली. साड्यांचे ताके ज्यावर गुंडाळतात त्या नळ्यांचा जाड पुठ्ठा, चाकांना सायकलची जुनी ट्यूब, ताडपत्री म्हणून हिरव्या रंगात बुडवलेला अस्तराचा तुकडा. बाजारात मिळणारे परदेशी प्लॅस्टिकचे संच असतात, त्यांतला एकही भाग त्यात नव्हता.

मी कला शाखेचा पदवीधर. गणिताशी माझे नाते पगारपत्रकापुरते. पण त्या मुलाने मला दोन संध्याकाळी बसवून जे समजावले ते माझ्या डोक्यात पक्के बसले. ते आधी सांगतो, कारण पुढचा इतिहास त्याच्याशिवाय नीट कळायचा नाही.

तोफेच्या वर्णनातच तिचे माप असते. बोफोर्स ही १५५ मिलिमीटरची, ३९ कॅलिबरची तोफ. १५५ मिलिमीटर म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचा व्यास, आणि ३९ कॅलिबर म्हणजे नळीची लांबी या व्यासाच्या ३९ पट. गुणाकार केला की सहा मीटरांहून किंचित जास्त भरते. भाच्याने प्रमाण धरले होते वीसास एक. म्हणजे नळी झाली तीस सेंटिमीटर, शाळेतल्या फूटपट्टीएवढी. आणि तिचे तोंड पावणेआठ मिलिमीटर, शिसपेन्सिल जेमतेम शिरेल इतके. ट्रकची मापे त्याने छायाचित्रांवरून काढली. चाकाशेजारी उभा असलेला जवान साडेपाच फुटांचा धरायचा आणि त्याच्या उंचीवरून चाक, दार, हौदा मोजत जायचे.

खरी गंमत वजनात आहे. लांबी वीस पट कमी केली म्हणून वजन वीस पट कमी होत नाही. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही वीस पट कमी होतात, म्हणजे वजन आठ हजार पट कमी. खरी तोफ सुमारे १२ टनांची. तिला आठ हजारांनी भागले तर दीड किलो. पुठ्ठ्याची तोफ एवढी कुठली भरायला? भाच्याने तिच्या मागच्या दोन पायांत वाळू भरून वजन बरोबर दीड किलो केले. आणि मग ट्रकला जोडून ओढून पाहिले, तर ट्रकच्या मागचा पुठ्ठ्याचा आकडा फाटून हातात आला. पुन्हा केला, पुन्हा फाटला. शेवटी ट्रकच्या पोटातून आरपार लोखंडी तार घालावी लागली.

"तेव्हा कळलं मामा," तो म्हणाला, "तोफ बनवायला मला दीड महिना लागला, आणि ट्रकला अडीच."

हे सगळे त्याने केले होते मंडळाच्या गणपतीच्या देखाव्यासाठी. कारगिलचा देखावा करायचे ठरले होते. पण मांडायच्या दिवशी जागा अपुरी पडली आणि मोठ्या मुलांनी निकाल दिला, तोफ ठेवा, ट्रक काढा. ट्रकमध्ये बघण्यासारखे काय आहे? ते रोज रस्त्यावर दिसतात. भाचा भांडला, रुसला, पण चालले नाही. दहा दिवस तोफ दिव्यांच्या झगमगाटात उभी राहिली, आणि ट्रक घरी कपाटावर.

मंडळाच्या मुलांना मी दोष देणार नाही. त्यांनी केले तेच इतिहासही करत आला आहे. तोफांची नावे आपल्याला पाठ असतात. त्या ओढल्या कोणी, हे कोणी विचारत नाही.

मुलूखमैदान तोफेचेच बघा. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, सुमारे ५५ टनांची ही तोफ पुढे परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि १६३२ साली ती विजापूरला नेली. आज तिथल्या बुरुजावर जाऊन आपण तिच्या तोंडावरचा सिंहाचा जबडा बघतो, तिच्यावर हात फिरवतो. पण परांड्याहून विजापूरपर्यंत ती गेली कशी? दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे लागली, असे परंपरेने सांगतात. आकडे थोडे इकडेतिकडे असतील. पण ५५ टन धातू आपोआप चालत गेला नाही, एवढे नक्की. तोफ ओतणाऱ्या रूमी कारागिराचे नाव तिच्यावर कोरलेले आहे. बैल हाकणाऱ्या एकाचेही नाही.

पेशवाईत तोफखान्याचे सरदार म्हणून पानसे घराणे प्रसिद्ध. पण पानशांच्या तोफाही शेवटी बैलच ओढत. १७९०-९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांनी आपल्या शेजारच्या धारवाडला वेढा घातला, तेव्हा इंग्रजांची एक तुकडी मराठ्यांबरोबर होती. टिपूविरुद्धच्या त्या युद्धावर इंग्रज अधिकाऱ्यांनी पुस्तके लिहिली. एकेका मोठ्या तोफेला शंभरावर बैल जोडीजोडीने जुंपलेले असत, असे वर्णन त्यांनी करून ठेवले आहे. जुवांवर बसून ती लांबच लांब रांग हाकणारे गाडीवान किती तरबेज असतील, याची कल्पना करा. चिखल, ओढे, चढ सगळे पार करून तोफ मोर्चावर पोचली, तरच सरदाराच्या पराक्रमाला सुरुवात!

आमच्या गोव्याची तऱ्हा थोडी वेगळी. इथे तोफ ओढली ती पाण्याने. पोर्तुगीजांच्या गोव्यात तोफा ओतण्याचा नामांकित कारखाना होता. पेद्रू दियश बोकारू हा तिथला गाजलेला ओतारी. त्याचा मुलगा मानुएल तावारिश बोकारू सतराव्या शतकात मकावला गेला आणि तिथल्या तोफांसाठी जगभर नावाजला गेला. या तोफा गलबतांवर चढत आणि नदीच्या मुखाशी उतरत. आग्वाद, रेइश मागुश, काबो हे किल्ले कुठे उभे आहेत ते नकाशावर पाहा, म्हणजे कळेल. १६८३ साली विसोरेई कोंदि द आल्वोर फोंड्यावर चालून गेला. त्याच्या तोफांनी कोटाच्या तटाला खिंडारे पाडली. पण संभाजी महाराज येऊन पोचले आणि त्याला वेढा उठवावा लागला. नदीच्या आधाराने आलेले ते सैन्य दुर्भाटच्या नदीकडेच परतले.

आणि १९६१? माझी आजी डिचोलीकडची. डिसेंबरातल्या त्या दिवसांचे वर्णन करताना ती विमानांबद्दल थोडे सांगायची, पण रस्त्यावरून धूळ उडवत गेलेल्या लष्करी ट्रकांबद्दल फार. माघार घेताना पोर्तुगीजांनी पूल उडवले. बाणस्तारीचा गेला, बोरीचा गेला. भारतीय सैन्याच्या पॅरा ब्रिगेडची एक तुकडी १८ डिसेंबरला संध्याकाळी बेतीला पोचली. समोर मांडवीच्या पलीकडे पणजी दिसते आहे, पण मध्ये नदी. दुसऱ्या दिवशी सकाळी सैनिक नदी ओलांडून पणजीत शिरले. चाके अलीकडे थांबली की पुढे माणसांनाच जावे लागते, हे आपल्या मुक्तीच्या इतिहासातही आहे.

आता मूळ तोफेकडे येतो. बोफोर्स हा शब्द माझ्या पिढीने आधी शिवी म्हणून ऐकला आणि मग जयघोष म्हणून. २४ मार्च १९८६ रोजी स्वीडनच्या कंपनीशी ४१० तोफांचा करार झाला, किंमत सुमारे १,४३७ कोटी रुपये. १६ एप्रिल १९८७ ला स्वीडिश रेडिओने दलालीची बातमी दिली आणि त्यानंतरची दोन वर्षे देशात दुसरा विषय नव्हता. १९८९ च्या निवडणुकीत सरकार गेले. त्या गदारोळात तोफांचे सुटे भाग मिळेनासे झाले, आणि भारतात तोफ बनवण्यासाठी आलेली कागदपत्रे वर्षानुवर्षे पडून राहिली. पुढे त्याच कागदांच्या आधारे जबलपूरला 'धनुष' तोफ तयार झाली. तिची पहिली तुकडी लष्कराला मिळाली ती एप्रिल २०१९ मध्ये! सरकारी फायलींवर आयुष्य काढणाऱ्या माझ्यासारख्याला याचे आश्चर्य वाटले नाही, पण वाईट वाटले.

मग १९९९ चे कारगिल आले. त्या लढाईत आपल्या तोफखान्याने सुमारे अडीच लाख गोळे, बॉम्ब आणि रॉकेटे डागली. तोलोलिंग आणि टायगर हिलच्या शिखरांवर बोफोर्सचा मारा आपण दूरदर्शनवर पाहिला. जो शब्द उच्चारायला लोक कचरत, तोच अभिमानाने घेऊ लागले.

त्या चित्रांत ट्रक मात्र दिसत नाही. बोफोर्सबरोबर तिला ओढायला स्कॅनियाचे सहाही चाकांना जोर असलेले ट्रक आले होते. आणि या जोडीची एक खुबी भाच्याने मला दाखवली. बोफोर्सला स्वतःचे छोटे इंजिन आहे, त्यावर ती थोडे अंतर आपली आपण सरकते. पण चिखलात किंवा खडकाळ जागी ट्रक अडला, तर ट्रकचा ड्रायव्हर आपल्या जागेवर बसूनच तोफेच्या चाकांनाही जोर देऊ शकतो. म्हणजे मागची तोफ तेवढ्यापुरती ट्रकला ढकलते. गाडा कधी बैलाच्या मदतीला आला, असे पूर्वीच्या शंभर बैलांच्या गाडीवानाला सांगितले असते तर त्याने आपल्याला वेड्यात काढले असते.

गोळ्यांचा हिशेबही करा. एक गोळा सुमारे ४३ किलोचा. एका तोफेने दिवसात शंभर गोळे टाकले, तर सव्वाचार टनांहून अधिक वजन तिच्यापर्यंत कोणीतरी आणून पोचवले पाहिजे. तेही झोजिलाची खिंड ओलांडून, आणि द्रासजवळ शत्रूच्या नजरेखालून. अडीच लाखांचा आकडा पाठ करताना हे वजन आपल्या ध्यानात येत नाही. वाळू भरल्याशिवाय भाच्याच्याही आले नव्हते.

ते ज्यांच्या ध्यानात होते, असे एक गृहस्थ त्याच गल्लीत राहतात. भाच्याचे चुलत काका. तोफखान्यात ड्रायव्हर होते, १९९९ मध्ये द्रासच्या रस्त्यावर होते. निवृत्त होऊन आता एका मार्केटमध्ये रखवालदारी करतात. तिसऱ्या दिवशी ते जेवायला आले. बोलणे कमी. मी उगीच विचारले, तोफांचा आवाज फार मोठा असेल नाही?

"पाहुणे," ते म्हणाले, "तोफेचा आवाज तर सगळ्यांनी ऐकला. आमच्या गाडीचा आवाज कोणाला ऐकू गेला, तर ड्रायव्हर नापास."

मग हळूहळू बोलू लागले. रात्री निघायचे, दिवे बंद. समोरच्या शिखरावर शत्रू बसलेला, दिवा दिसला की गोळा आलाच. लष्करी गाडीच्या मागच्या बाजूला, चाकांच्या मधल्या डिफरन्शियलला पांढरा रंग दिलेला असतो. मागच्या ड्रायव्हरने पुढच्या गाडीचा तो पांढरा ठिपका बघत जायचे. ठिपका डावीकडे गेला की वळण डावीकडे. ठिपका दिसेनासा झाला, तर ब्रेक. एका रात्री त्यांच्या पुढचा ठिपका दिसेनासा झाला. त्यांनी ब्रेक लावला, थांबले, वाट पाहिली. ठिपका परत दिसला नाही. सकाळी खाली दरीत गाडी दिसली.

"त्याच्या घरी पत्र आलं. कारगिलमध्ये गेला, एवढंच. गोळी लागली का म्हणून गावात सगळे विचारायचे. त्याच्या बापाला सांगता यायचं नाही."

ताटातला भात तसाच राहिला होता. बहिणीने न बोलता आमटी वाढली.

२०२२ मध्ये द्रासच्या पॉइंट ५१४० या शिखराला, तिथे लढलेल्या तोफखान्याच्या सन्मानार्थ, 'गन हिल' असे नाव दिले गेले. मी ते काकांना म्हणालो. "बरं झालं," ते म्हणाले. "आम्ही पण तोफखान्यातलेच." हे मला सुचले नव्हते. ड्रायव्हरही तोफखान्याचाच, तेव्हा त्या शिखरात दरीत गेलेल्या माणसाचाही वाटा आहे. मात्र तो आपणच लक्षात ठेवायला हवा. नावात तो दिसत नाही.

परत आल्यावर मी आमच्या वाचनालयात जुनी वर्तमानपत्रे चाळली. ९ नोव्हेंबर २०१८ रोजी नाशिकजवळ देवळालीला, जिथे तोफखान्याचे शिक्षण देणारी संस्था आहे तिथे, एक समारंभ झाला होता. लष्करात एकाच दिवशी तीन गोष्टी दाखल झाल्या. अमेरिकेची हलकी एम ७७७ तोफ, कोरियन बनावटीची के ९ वज्र तोफ, आणि तोफा ओढण्यासाठी अशोक लेलँडचा सहा चाकी ट्रक. मथळ्यांत दोन तोफा. ट्रक बातमीच्या शेवटच्या ओळींत. मंडळाच्या मुलांचे काय चुकले मग?

यातली वज्र तोफ तर सुरतेचीच. गोडादऱ्याहून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, समुद्राकडे हजीरा आहे. तिथल्या लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात ती तयार होते. मे २०१७ मध्ये १०० तोफांचा करार झाला. पहिल्या दहा सुट्या भागांत कोरियातून आल्या, बाकीच्या हजीऱ्यात बनल्या, आणि फेब्रुवारी २०२१ पर्यंत शंभराच्या शंभर लष्कराला मिळाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १०० चा करार झाला. ही सुमारे ५० टनांची तोफ रणगाड्यासारखी पट्ट्यांवर आपली आपण धावते. भाचा म्हणतो, पुढच्या वर्षी वज्र करणार.

"मग ट्रकची कटकट नाही," मी म्हणालो.

"आहे ना मामा. लांब न्यायची असली तर तिलाही ट्रेलरवर नाहीतर रेल्वेच्या वाघिणीवर चढवतात. आणि गोळे? ते ट्रकमधूनच येणार."

मुलूखमैदानापासून वज्रापर्यंत पावणेपाचशे वर्षे झाली. बैल गेले, स्कॅनिया आली, तोफेला स्वतःचे पाय फुटले. तरी कुठेतरी मागे एक माणूस वजन ओढतोच आहे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी काका पुन्हा आले. भाच्याने त्यांच्या सांगण्यावरून ट्रकच्या मागच्या डिफरन्शियलला पांढरा रंग दिला होता, तो दाखवायचा होता. आता ट्रक आणि तोफ दोन्ही एका फळीवर चिकटवली होती, फळीला चढाचा उतार दिला होता, मागे पुठ्ठ्याचे डोंगर. काकांनी चष्मा लावला, वाकून पांढरा ठिपका बघितला आणि बराच वेळ तसेच राहिले. मग म्हणाले, "चढावर गाडी उभी केलीस. मागच्या चाकाखाली दगड कुठंय?"

भाचा बघतच राहिला. काका उठले, गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीतून एक खडा उचलला, फुंकर मारून त्याची माती काढली आणि ट्रकच्या मागच्या चाकाला लावून ठेवला.

"आता नाही सरकायची," ते म्हणाले.

भाच्याने फेव्हिकॉलची बाटली आणली.